अंक उलटे म्हणून दाखव

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'प्रमाणीकरण' हा शब्द मी पाठ केला होता. तो कळला विठ्ठलवाडीत, स्टेशनालगतच्या एका खोलीत. 1990च्या दशकात तिथे मी मुलांच्या बुद्धिचाचण्या घ्यायला लागले. टेबलावर लाकडी मणी, चित्रांची कार्डं, स्टॉपवॉच. कर्जतकडची लोकल गेली की काचा थरथरायच्या आणि मूल खिडकीकडे बघायचं. चार आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगायचे असताना तेवढ्यानंही सगळं विसकटतं. पुस्तकातलं 'बाह्य परिवर्त्य' ते हेच. मग मी गाडी गेल्यावरच पुढचा प्रश्न विचारू लागले.

माझ्या हातातली चाचणी बिने-कामत. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये मूळ चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. मानसिक वयाला खऱ्या वयानं भागून बुद्धिगुणांक काढायची कल्पना विल्यम स्टर्न यांची, 1912ची; बिने त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. ज्या आकड्यावर आज आईबाप रात्र रात्र जागतात, तो मूळ चाचणीत नव्हताच, हे मला पालकांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी ही चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्यानं बसवली आणि 1934 साली ते काम मांडलं. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यातच होतं. नुसतं भाषांतर करून असं काम भागत नाही. कुठला प्रश्न कितव्या वर्षी बहुतेकांना जमतो, हे इथल्याच मुलांना बसवून तपासावं लागतं. प्रमाणीकरण म्हणतात ते याला. त्या काळी एवढं कष्टाचं काम उभं करणाऱ्या या माणसाचं नाव मराठी घराघरांत माहीत असायला हवं होतं.

एकदा उल्हासनगरचा आठ वर्षांचा मुलगा आला. 1949 साली जिथे सिंधी निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, तिथलाच. घरात सिंधी, गल्लीत हिंदी, मराठी शाळेपुरती. मराठी शब्दांचे अर्थ विचारले की तो मान खाली घालायचा. आकडे उलटे म्हणायला सांगितल्यावर मात्र त्यानं ते हिंदीत भराभर म्हणून टाकले. बाहेर वडील थांबले होते, त्यांच्या पिशवीतली जीन्सची बटणं त्यानं जाता जाता दहा-दहाच्या ढिगांत लावली. चाचणीत अशा ढीग लावण्याला गुण नाहीत. निरीक्षणाच्या रकान्यात मी तेवढं लिहिलं, आणि तेव्हापासून अहवालात मुलाची घरची भाषा पहिल्या ओळीत लिहू लागले.

नागपूरला आर्थर मालिन यांनी 1969 साली वेक्स्लरची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. तीही पुढे वापरात आली. पण दवाखान्यांतून कामतांची चाचणी गेली नाही, आणि माझा खरा सल तिथेच आहे. 1984 साली जेम्स फ्लिन यांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं, की जुन्या प्रमाणकांवर तपासलं तर मुलांचे गुण दर दशकाला सुमारे तीनांनी वाढलेले दिसतात. आपल्याकडे वाढ नेमकी तेवढीच असेल असं नाही. तरी 1930च्या दशकातल्या मुलांशी केबल टीव्ही बघणाऱ्या मुलाची तुलना केली की त्याचा गुणांक फुगण्याचा धोका उरतोच. तेव्हा बुद्धिगुणांक सत्तरच्या वर दिसला की मतिमंदत्वाचं प्रमाणपत्र सहसा मिळत नसे. त्या कागदासोबत मिळणारी मदतही मग जायची.

टाळेबंदीत मी जुन्या फायली काढून बसले. चौऱ्याहत्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. शेजारी माझ्याच अक्षरात 'सीमारेषेवर'. एका फायलीत मुलीनं पुन्हा पुन्हा खोडून काढलेला चौकोन अजून आहे, चौथा कोपरा न जुळलेला. अहवाल वाचून तिच्या आईनं विचारलं होतं, "म्हणजे आता काही करायला नको ना?" मी "नको" म्हणाले होते. ती मुलगी आता तिशीत असेल.