पुढच्या पाट्यांचा प्रश्न

मारुतीने २०१९च्या सुरुवातीला सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद केली, तेव्हा शहरातल्या हौशी मंडळींनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला. चंद्रपूर जिल्ह्यात तो संपण्यासारखा नव्हता. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी या दारांतून ताडोबात शिरणारी सफारी वर्षानुवर्षे याच उघड्या गाडीवर चालत आली आहे. नवी मिळणार नाही म्हटल्यावर आहे ती सांभाळणे आले. आणि सांभाळायचे म्हटले की खर्चाची सुरुवात बरेचदा पुढच्या चाकांपासून होते: बसलेले स्प्रिंगचे पाटे, झिजलेले बुश, तेल गाळणारे शॉकअप.

नेमका इथेच एक मोह आडवा येतो. पाटे बदलतोच आहोत, तर गाडी दोन इंच उंच का करून घेऊ नये? उंच गाडी दिसते रुबाबदार, आणि जंगलात चालणारी गाडी उंचच हवी अशी समजूतही आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाटा पाहिल्या तर ही समजूत फारशी टिकत नाही. इथे दगडांच्या कपारी चढायच्या नसतात. इथे असतो मुरमाचा खडबडीत रस्ता, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, धानाच्या बांध्यांमधला चिकट चिखल, नाल्यावरचे रपटे. अशा वाटेवर चाक जमिनीला धरून राहणे महत्त्वाचे, बॉडी आकाशाकडे किती गेली हे नव्हे.

जिप्सीची पुढची रचना अगदी जुन्या वळणाची आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा ॲक्सल, त्याच्या दोन बाजूंना पाट्यांचे दोन जुडगे, आणि प्रत्येक जुडग्याची टोके चासीला बांधलेली. मागचे टोक पक्के, पुढचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर. पाटा दबला की सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि वाढलेली लांबी सामावून घ्यायला शॅकल झुलते. मागचे टोक हलत नसल्यामुळे लांबी वाढते ती पुढच्या दिशेने. म्हणजे चाक दगडावर आदळते त्याच क्षणी ॲक्सल त्या दगडाच्याच अंगावर जाऊ पाहतो. जिप्सीच्या दणक्याचे एक कारण हे. म्हणूनच परदेशात या गाडीच्या भावंडांवर, म्हणजे सुझुकी सामुराईवर, शॅकल पुढून काढून मागे नेण्याचे काम पुष्कळ होते. त्याने चाक दणका बसताच मागे सरकते आणि धक्का मऊ होतो. मात्र ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक जास्त खाली जाते, आणि प्रोपेलर शाफ्टला मागेपुढे सरकायला जागा पुरते की नाही हे तपासावे लागते. त्यात चासीवर वेल्डिंग आले, त्यामुळे ते चौकातल्या गॅरेजात उरकून घेण्याचे काम नव्हे.

दणक्याचे दुसरे कारण पाट्यांतच आहे. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून गाडी उचलण्यासाठी जुडग्यात एखादा जाड पाटा घुसवला, की उंची मिळते आणि मऊपणा जातो. ताडोबाच्या जिप्सीचे वजन कुठे पडते तेही पाहावे. सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक अशी आठ माणसे. सरासरी पासष्ट किलो धरले तरी पाचशे किलोंच्या वर, आणि रिकामी गाडी जेमतेम टनभराची. या आठांपैकी पुढे बसतात दोघेच. बाकी सहाजण मागच्या उंच बाकांवर, म्हणजे त्यांचा बहुतेक भार मागच्या ॲक्सलवर. पुढचे पाटे आधीच हलक्या ओझ्याखाली आहेत. त्यांना आणखी ताठ करून मिळते काय, तर पर्यटकांच्या मणक्यांना त्रास. पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवली असेल तर गोष्ट वेगळी. ते वजन ॲक्सलच्याही पुढे लटकते, आणि तिथे थोड्या ताठ पाट्यांना अर्थ आहे. विंच नसताना विंचवाल्या गाडीचे पाटे बसवणे ही निव्वळ हौस.

लांब शॅकल हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय. शॅकल दोन इंचांनी वाढवली की गाडी साधारण एक इंच उचलली जाते. पण जिप्सीत शॅकल पुढे असल्यामुळे पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, ॲक्सल किंचित पुढे कलतो आणि ज्या कोनामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते तो कोन कमी होतो. मग चंद्रपूर-मूल रस्त्यावर साठच्या वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते आणि चालक अलाइनमेंटवाल्याला दोष देतो. ॲक्सल आणि पाट्यामध्ये पाचर बसवून हा कोन परत आणता येतो. ती पाचर शॅकलसोबत आणायची असते हे मात्र सहसा विसरले जाते.

याहून धाडसी प्रकार म्हणजे पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवणे. एका फटक्यात चार-पाच इंच उंची मिळते. त्याबरोबर स्टेअरिंगचे दांडे तिरके होतात, खड्ड्यात चाक वरखाली होताना स्टेअरिंग हातातून ओढले जाते, ब्रेकचे रबरी पाइप अपुरे पडतात, आणि जोर लावताना ॲक्सल पाट्यांवर पिळला जातो. ही सगळी दुरुस्ती करूनच ती गाडी रस्त्यावर आणावी लागते. सहा अनोळखी माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीला हा बदल शोभत नाही.

आणि एवढे करून जमिनीपासूनची खरी उंची वाढत नाही! आडव्या ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खाली असतो तो डिफरन्शियलचा फुगा, आणि तो चाकांच्याच उंचीला बांधलेला असतो. बॉडी कितीही उचला, तो तिथेच. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तेही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. जिप्सीच्या मूळच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ बसवला तर सुमारे ७३४. फुगा वर गेला तेहतीस मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर सुमारे नऊ टक्के कमी वेग दाखवू लागतो, आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर बॉडीला घासतो. बॉडी उचलण्याचा खरा उपयोग आहे तो इथे: मोठ्या टायरला जागा करून देणे.

थारचे गणित निराळे. २०१०च्या थारमध्ये पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, आणि स्प्रिंगचे काम पिळल्या जाणाऱ्या लांब सळया करतात. त्यांचे बोल्ट आवळले की गाडीचे नाक फुकटात वर येते. फुकटात म्हणायचे एवढेच, की चाकाला खाली लोंबायला जी जागा होती ती यात खर्च होते. चाकोरीत चाक पोचत नाही, हवेत राहते. आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढल्यामुळे त्यावरचे रबरी बूट फाटतात. बूट फाटला की आत ग्रीसऐवजी चिखल. २०२०च्या थारमध्ये सळयांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. त्यांवर ठोकळा ठेवून गाडी उचलली तरी शाफ्टच्या कोनाची तक्रार तीच. अशा गाडीत पुढचा डिफरन्शियल चासीला धरून असतो, त्यामुळे पुढची चाके दबली की तो जमिनीजवळ येतो. खोल चाकोऱ्यांच्या पांदणीत जुनी जिप्सी नव्या गाडीला भारी पडते ती या एका बाबतीत.

२०२३मध्ये आलेली जिम्नी मधली वाट धरते. आडवा ॲक्सल आहे, पण कॉइल स्प्रिंगवर. तिला दोन इंच उचलले तर ॲक्सल एका बाजूला सरकतो, कारण त्याला जागेवर धरणारा आडवा दांडा ठरावीक लांबीचा असतो. शिवाय स्टेअरिंगचा तोच कोन बिघडतो, आणि एखाद्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग थरथरू लागते. कमी-जास्त करता येणारा दांडा आणि कोन सुधारणारे बुश सोबत घ्यावेच लागतात.

गडचिरोलीत उंचीची चर्चा हमखास पाण्याकडे वळते. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटल्याच्या बातम्या पावसाळ्यामागून पावसाळे येत राहिल्या आहेत. रपट्यावरून पाणी वाहत असताना उंच गाडीवाल्याला वाटते, आपण निघू. पण दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते, आणि उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्यही वर गेलेला असतो. गाडी उचलण्याचे कुठलेही किट इथे कामाचे नाही.

कायदाही लक्षात घ्यायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. चंद्रपूरची एमएच-३४ असो की गडचिरोलीची एमएच-३३, मूळ मापाचे नवे पाटे आणि चांगले शॉकअप यांना कुणी हरकत घेणार नाही. चासी कापून केलेल्या कामाचे तसे नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच आधी पाहील.

म्हणून सफारीच्या जिप्सीसाठी कामाचा क्रम उलटा धरलेला बरा. आधी बुश. मग पाट्यांचे जुडगे खोलून, गंज घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधणे. ताडोबाची बारीक धूळ पाट्यांमध्ये बसली की ते एकमेकांवर सरकायचे थांबतात आणि ताठ होतात. त्यानंतर शॉकअप. एवढ्याने भागले नाही तरच नवे पाटे, आणि खिसा परवानगी देत असेल तर पॅराबोलिक. त्यात पाटे दोन-तीनच, टोकांकडे निमुळते, मध्ये एकमेकांना न घासणारे, त्यामुळे मऊ. फक्त घर्षणाने मिळणारा आवर त्यात नसतो, म्हणून जुन्या शॉकअपवर ते बसवले तर गाडी उड्या मारते. काहीही बसवा, रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावर आवळावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्यायचे.