एक्स्प्लेनर : नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला अडली, तर भांडण कुठे मिटवायचं?

ओझर : न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर रॉटरडॅमला पोहोचतो आणि आयातदाराचा मेल येतो : मणी गळालेत, देठ सुकलेत, भाव कमी करा. आत साधारण 13 टन द्राक्षं. माल परत आणणं परवडत नाही, तिथेच ठेवला तर रोज खराब होतो. ओझर-पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्याला ही कोंडी नवी नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते.

कोर्टात का जायचं नाही?

जाता येतं. पण नाशिकच्या कोर्टाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये थेट वसूल होत नाही. लवादाचा निवाडा 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे तिथे चालतो. मात्र एका कंटेनरसाठी लवादाचा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मध्यस्थीत काय होतं?

मध्यस्थ निकाल देत नाही. तो कंटेनरमधल्या डेटा लॉगरची तापमान नोंद, सर्व्हे रिपोर्ट, पॅकहाऊसमधले फोटो समोर ठेवून दोघांना बोलतं करतो. किती रक्कम कापायची हे तर ठरतंच, शिवाय पुढच्या हंगामातल्या ऑर्डरवरही तडजोड होऊ शकते. कोर्ट असा हुकूम देत नाही. बोलणी गोपनीय राहतात, हेही बाजारात नाव जपणाऱ्यांना महत्त्वाचं.

ठरलेलं पाळलं नाही तर?

खरी मेख इथे आहे. अशा तडजोडींची परदेशात अंमलबजावणी व्हावी म्हणून सिंगापूर करार झाला. 7 ऑगस्ट 2019 ला पहिल्याच दिवशी 46 देशांनी सह्या केल्या, त्यात भारतही होता. सहीनंतरचं अनुसमर्थन मात्र भारताने केलेलं नाही आणि युरोपीय संघाने तर सहीच केलेली नाही. देशात 2023 चा मध्यस्थी कायदा आला. त्यातली काही कलमं 9 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. पण तो कायदा रॉटरडॅमच्या आयातदाराच्या खात्यापर्यंत पोहोचत नाही.

मग मार्ग कोणता?

आधी लवाद सुरू करायचा, तो थांबवून मध्यस्थीला बसायचं आणि जमलं की तीच तडजोड लवादाकडून निवाडा म्हणून नोंदवून घ्यायची. सिंगापूरमध्ये 2014 पासून ही सोय आहे. अशा निवाड्याला न्यूयॉर्क कराराचा आधार मिळू शकतो. अट एकच, हे कलम खरेदी करारात आधीच हवं. माल बंदरात अडल्यावर आयातदार त्यावर सही करेलच असं नाही.