कागदावर नसलेला वाघ

सत्तरीच्या रानांत वाघ आहे, ही गोष्ट तेथील गुराख्यास नवी नाहीं. वाघास देव मानून त्याची दगडी मूर्ति पुजणारीं गांवें त्या तालुक्यांत आहेत. परंतु गोव्याच्या सरकारी दफ्तरांत हा वाघ वर्षानुवर्षें परकाच राहिला. तो कर्नाटकांतून येतो व जातो, येथें त्याची वस्ती नाहीं, असें अधिकारी व मंत्री सांगत आले. वाघास राज्यांच्या हद्दी ठाऊक असतात, हा शोध कोणीं लावला तें आम्हांस कळत नाहीं!

2009 मध्यें केरी येथें वाघाची शिकार उघडकीस आली. 2020 च्या जानेवारींत तर म्हादई अभयारण्यांतील गोळावली येथें एक वाघीण व तिचीं तीन पिल्लें मृत आढळलीं. गुरें मारलीं म्हणून त्यांजवर विषप्रयोग झाला होता. आम्ही विचारतों, वाटसरू म्हणून आलेली वाघीण तीन पिल्लांचा संसार करीत राहते काय? जिवंतपणीं तिची साक्ष कोणीं मानली नाहीं. तिच्या प्रेतानें ती दिली.

सरिस्का येथें 2005 मध्यें याच्या उलट तऱ्हा उघड झाली. तेथें कागदावर वाघ होते, रानांत एकही नव्हता. दोहींकडे रोग एकच: डोळ्यांपेक्षां दफ्तरावर अधिक विश्वास.

या नाकारण्याचें कारण गूढ नाहीं. वाघ मान्य केला कीं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मागोमाग येतो, आणि खाणी व प्रकल्प यांस लगाम बसतो. 24 जुलै 2023 रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें तीन महिन्यांचे आंत व्याघ्रप्रकल्प जाहीर करण्याचा हुकूम दिला. सरकारनें काय केलें? सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली!

अरण्यांतील रहिवाशांस विस्थापनाचें भय वाटतें, तें खोटें नाहीं. त्यांचे वनहक्क आधीं निकालांत काढावे. त्यांच्या नांवाआड सरकारनें लपूं नये. ज्या वाघाचें अस्तित्वच अमान्य, त्यानें मारलेल्या गाईची भरपाई तत्परतेनें कोण देणार? वाघ नाकारला कीं वाघाइतकाच गरीब गुराखीहि नाकारला जातो. विषाची पुडी गोठ्यांत पोंचण्यापूर्वीं भरपाईची रक्कम तेथें पोंचली पाहिजे. झोपलेल्यास जागें करतां येतें; सोंग घेतलेल्यास लोकमतानेंच हलवावें लागतें.