सावरायचा मोह

सेसना १७२ या विमानाच्या पुढच्या चाकाचा दांडा इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेला असतो. या भिंतीला फायरवॉल म्हणतात. इंजिनाला आग लागली तर ती केबिनमध्ये शिरू नये, हे तिचं खरं काम. पण शिकाऊ विमानांच्या हँगरमध्ये तिची तपासणी दुसऱ्याच कारणासाठी होते. मेंटेनन्सचे इंजिनिअर काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढतात, टॉर्चचा झोत आत टाकतात आणि खालच्या रिव्हेटांवरून बोट फिरवत जातात. पत्रा इस्त्री न केलेल्या कापडासारखा चुरगळलेला दिसला, की विमान उड्डाणातून बाद. कुणीतरी ते पुढच्या चाकावर आपटून उतरवलेलं असतं आणि पुष्कळदा कुणाला सांगितलेलं नसतं.

धुळे, बारामती, गोंदिया, नागपूर अशा ठिकाणी विमान चालवायला शिकवलं जातं. त्यांपैकी एका ठिकाणच्या धावपट्टीच्या कडेला, फ्लोरोसंट जॅकेट घालून, मी बऱ्याच सकाळी उभा राहिलो. छोट्या विमानाचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आकाशात बंद पडलेलं इंजिन येतं. इंजिनं बंद पडतात, नाही असं नाही. पण ही चार सिलिंडरची, हवेवर थंड होणारी इंजिनं मुद्दाम जुन्या वळणाची ठेवली आहेत. मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन. एक संच गेला तरी दुसऱ्यावर विमान परत येतं. धावपट्टीवर उभं राहिलं की दिसतं ते वेगळंच. शाबूत विमान, स्वच्छ हवा, आणि जमिनीपासून चार हातांवर घोटाळा.

विमान फायनलवर येतं, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत. वेग ६५ नॉटच्या आसपास हवा, ताशी साधारण १२० किलोमीटर. धावपट्टीवर आल्यावर इंजिनाची ताकद काढून घ्यायची, नाक हळूहळू वर धरायचं आणि विमानाला उडणं अशक्य होईपर्यंत वाट पाहायची. मग मागची दोन चाकं आधी टेकतात, पुढचं नंतर. यातली वाट पाहणं हीच अवघड गोष्ट. नवा विद्यार्थी भीतीपोटी आठ-दहा नॉट जास्त घेऊन येतो. जास्तीचा वेग कुठेतरी जिरायला हवा, म्हणून विमान जमिनीलगत तरंगत राहतं. धावपट्टी पुढून संपत येताना दिसते. हात आपोआप पुढे जातो, विमान खाली दाबलं जातं, चाकं आपटतात आणि ते उसळून पुन्हा हवेत जातं.

इथवर काहीच बिघडलेलं नसतं. फुल पॉवर देऊन पुन्हा चक्कर मारता येते, याला गो-अराउंड म्हणतात. पण विद्यार्थ्याला ही उडी दुरुस्त करायची असते. तो नाक खाली करतो, आता पुढचं चाक आधी आपटतं, उसळी पहिल्यापेक्षा मोठी बसते. त्याचा हात विमानाच्या चालीपेक्षा अर्धा ताल मागे असतो, त्यामुळे प्रत्येक उपाय पुढच्या उसळीला जोर देतो. तिसऱ्या-चौथ्या आपटीत पुढचा दांडा मोडू शकतो आणि प्रोपेलरची पाती डांबर खरवडतात. पाती वाकली की इंजिनही उघडून तपासावं लागतं, कारण तो झटका थेट क्रँकशाफ्टला बसलेला असतो. शाळेला हे प्रकरण काही लाखांना पडतं. विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतो. उतरतानाचे अपघात संख्येने सगळ्यात जास्त आणि जीव घेण्यात मागे, ते यामुळेच.

जीव जातो तो त्याच्या आधीच्या वळणावर. सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीची आयताकृती फेरी, साधारण हजार फुटांवरून. फायनलच्या आधीची बाजू बेस. तिथून नव्वद अंशांत वळून फायनलवर यायचं. बेसवर वारा पाठीमागून असेल तर विमान जमिनीच्या हिशेबाने भराभर सरकतं आणि वळण उशिरा सुरू होतं. धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. आता ती परत पकडायची तर वळण आवळायला हवं. पण इतक्या खाली पंख जास्त कलवायची भीती वाटते, म्हणून विद्यार्थी नकळत आतल्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबतो. नाक आत फिरतं आणि खाली झुकतं. ते वर धरायला तो स्टिअरिंगसारखा योक पोटाकडे ओढतो. पंखाचा हवेशी कोन पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की पंख उचलायचं सोडून देतो, यालाच स्टॉल म्हणतात. पाय चुकीचा असल्यामुळे दोन पंखांपैकी एक आधी सोडतो. विमान त्या अंगाला कोसळतं आणि गिरक्या घ्यायला लागतं.

याचा हिशेब निष्ठुर आहे. सेसना १५२च्या पुस्तिकेत एका गिरकीतून बाहेर यायला सुमारे हजार फूट खर्ची पडतील असं धरलं आहे. हे वळण होतं चार-पाचशे फुटांवर. गिरकीतून बाहेर काढण्याची कृती विद्यार्थ्याला तोंडपाठ असते: पॉवर बंद, योक मध्यावर, उलटा रडर, मग योक पुढे. ती वापरायला उंचीच उरलेली नसते. वर तीन-चार हजार फुटांवर इन्स्ट्रक्टर मुद्दाम स्टॉल करून दाखवतात तेव्हा नाक आकाशाकडे असतं, सगळं संथ, अपेक्षित असतं. खरा स्टॉल नाक क्षितिजाखाली असताना, लक्ष धावपट्टीवर असताना येतो. माझ्या मते शिकवण्यातली ही मोठी फट आहे. स्टॉल वेगळ्या तासाला शिकवला जातो आणि लँडिंग वेगळ्या तासाला, आणि दोघांची गाठ पडते ती नेमकी वाईट जागी.

या दोन्ही प्रसंगांत मला एकच गोष्ट दिसते. पहिली चूक बेताची असते, आणि घात होतो तो ती तिथल्या तिथे सावरून घेण्याच्या हट्टात. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर वळून धावपट्टीकडे परत यायचा मोहही त्याच जातीचा. वळताना ४५ अंश कलवलं तर स्टॉलचा वेग जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो. उंची थोडी, वेग थोडा, आणि धावपट्टी अगदी मागेच दिसतेय असं वाटतं. शिकवतात ते असं, की समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, मिळेल त्या शेतात उतरा. उसात विमान मोडेल, पण माणूस वाचण्याची शक्यता बरीच. ढगांचंही तसंच. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली, नुसत्या उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसू न देता उडवलं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले, जेमतेम तीन मिनिटं. एकट्याने क्रॉस कंट्रीला, म्हणजे दूरच्या गावी, निघालेला विद्यार्थी समोर ढग दिसल्यावर मागे वळत नाही, कारण पुढे लगेच मोकळं होईल असं त्याला वाटतं.

विमान तपासण्याबद्दल फार लिहीत नाही, एक सोडून. टाकीत दव साठून पाणी होतं, ते अॅव्हगॅसच्या, म्हणजे विमानाच्या पेट्रोलच्या, तळाशी जातं. म्हणून रोज सकाळी पंखाखालून थोडं इंधन नळीत घेऊन बघतात. अॅव्हगॅस निळसर असतं, पाणी बिनरंगी, मधली रेघ दिसते. मात्र नळीत सगळं पाणीच आलं तर रेघ दिसतच नाही, आणि घाईतला डोळा त्यालाच स्वच्छ इंधन समजतो. घाई तर असतेच. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, पावसाळ्यात आठवडे वाया जातात. उन्हाळ्याचं गणित वेगळं. अठराशे फुटांवरच्या पठारावर तापमान ४० अंश झालं, की विमानाच्या लेखी हवा पाच हजार फुटांवरच्याइतकी विरळ होते. त्याच धावपट्टीवर सकाळी सहाला लवकर उचललेलं विमान दुपारी बरंच लांबपर्यंत धावत राहतं. म्हणून शाळा पहाटे सुरू होतात.

शिकाऊ विमानात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे आत दोघे जण आणि दोघांपुढेही कंट्रोल. 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल' आणि पुन्हा 'आय हॅव कंट्रोल' ही देवाणघेवाण बाहेरच्याला पोरखेळ वाटते. ती अर्धवट झाली तर काही सेकंद विमान कुणीच चालवत नसतं, किंवा दोघे एकमेकांविरुद्ध चालवत असतात. एका ज्येष्ठ इन्स्ट्रक्टरांना मी विचारलं, विद्यार्थ्याच्या हातून कंट्रोल कधी घेता? ते म्हणाले, "लवकर घेतलं तर पोरगं शिकत नाही. उशिरा घेतलं तर रिपोर्ट मला लिहावा लागतो." थोडं थांबून म्हणाले, "आणि माणूस हुशार असला ना, की जास्त उशीर होतो. वाटतं, हा सावरेल."

एका सकाळी वारा आडवा झाला होता. साताऱ्याची एक मुलगी फायनलवर आली, विमान रेषेवरून सरकलं, तिने पॉवर दिली आणि गो-अराउंड केलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी वाऱ्याकडचं चाक आधी टेकवून नीट उतरली. बाकड्यावरच्या मित्रांनी चिडवलं, "काय मॅडम, टायर वाचवताय का?" ती हसली नाही. आत जाऊन लॉगबुक भरू लागली. सगळा वेळ एकाच ओळीत मांडला, कारण गो-अराउंडची मिनिटं २०० तासांतून वजा होत नाहीत.