मुक्त व्यापार आणि मजुराची भाकर

जो माल जेथें स्वस्त पिकतो तेथून तो आणावा, व वाटेंत जकातीचा अडसर घालूं नये, यास मुक्त व्यापार म्हणतात. इ. स. १८१७ मध्यें डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, ज्या देशाची ज्या कामांत सरशी अधिक, त्यानें तेंच करावें. म्हणजे व्यापारानें उभयतांचें हित होतें. हें तत्त्व वरवर निर्दोष दिसतें. परंतु त्याचा भार कोणावर पडतो, तें आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहूं.

आपल्याकडील खरिपाचें मुख्य पीक सोयाबीन होय. १०० किलो सोयाबीनपासून सुमारें १८ किलो तेल निघतें. उरते ती बहुतांशीं पेंड. सबब दाण्याचा भाव या दोहोंवर ठरतो. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो : पामतेल इंडोनेशिया व मलेशियांतून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून. शुद्ध न केलेल्या या तेलांवरील मूळ आयातकर ऑक्टोबर २०२१ मध्यें शून्य झाला, सप्टेंबर २०२४ मध्यें २० टक्के झाला, आणि मे २०२५ च्या अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, १० टक्क्यांवर आला. २०२४ च्या हंगामांत हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असतां खुल्या बाजारांतील भाव त्याहून बराच खालीं राहिला; कारण कर वाढला तरी जगाच्या बाजारांत पेंड स्वस्त होती.

कोणी विचारील, तेल स्वस्त झाल्यास गरिबाच्या चुलीस लाभच नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे. मजूरही तेल विकतच घेतो. तथापि शेतकऱ्याच्या हातीं पैसा न उरला म्हणजे काढणीची मजुरी आखडते, आणि तेलांत वांचलेले चार पैसे मजुरींत जातात.

एका धंद्यांतून निघालेला मजूर दुसऱ्यांत सहज शिरेल, असें हें शास्त्र गृहीत धरतें. आपल्या भागांत कारखाने थोडे. कळंब, भूम, वाशी या तालुक्यांतील कित्येक कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. अवर्षण हें त्याचें जुनें कारण. पडलेला भाव त्यांत भर घालतो. आईबापांबरोबर मुलेंही जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें गैरहजेरी वाढत जाते. माल महिन्याभरांत समुद्र ओलांडतो. माणसास धंदा बदलण्यास कधीं कधीं एक पिढी लागते.

ही तक्रार नवी नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत विलायती मालामुळें येथील कारागीर बुडाल्याचें दाखविलें होतें.

म्हणून दारें लावून घ्यावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. तेल आपल्याकडे पुरेसें पिकतच नाहीं. मात्र आयातकर पेरणीपूर्वीं ठरावा व काढणीपर्यंत बदलूं नये. हमीभावाचीं खरेदीकेंद्रें वेळेवर उघडावीं. आणि स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांस गांवींच राहून शिकतां येईल अशी सोय असावी. याकोबाच्या पत्रांत शेत कापणाऱ्यांच्या अडकविलेल्या मजुरीविषयीं कडक इशारा आहे. विद्यार्थ्यांनो, व्यापाराचा हिशेब मांडतांना त्या मजुराचा रकाना कोरा ठेवूं नका.