पाठीत उसण भरणे : कारणे व गैरसमज

प्रस्तावना :
वाकून बादली उचलताना किंवा खुर्चीतून उठताना पाठीत अकस्मात कळ येते व कंबर जखडते. बोलीभाषेत यास 'उसण भरणे' म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या हे स्नायूंचे अनैच्छिक आकुंचन होय. उसण हा बहुधा स्वतंत्र आजार नसून दुखावलेल्या भागाची हालचाल रोखणारी शरीराची संरक्षक प्रतिक्रिया असते. म्हणूनच तिच्यामागील कारण जाणून घेणे अगत्याचे ठरते.

प्रमुख कारणे :
१) आकस्मिक ताण : कंबरेत वाकून व वळून ओझे उचलल्यास स्नायूतंतू दुखावतात. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो. टाकीसह हा भार सुमारे दुप्पट होतो.
२) दीर्घकाळ एकाच स्थितीत बसणे : उत्तरपत्रिका तपासताना अध्यापक तासन्‌तास पुढे झुकून बसतात. त्यामुळे पाठीचे स्नायू अखंड ताणलेले राहून थकतात.
३) व्यायामाचा अभाव : पोटाचे व पाठीचे स्नायू दुर्बल असल्यास अल्प श्रमही असह्य होतात.
४) कण्याचे विकार : मणक्यांमधील चकती सरकणे किंवा सांध्यांची झीज होणे यांमुळे लगतचे स्नायू आखडतात.
५) मानसिक ताण व अपुरी झोप : यांमुळे वेदनेची तीव्रता व कालावधी वाढतो.

विश्रांतीविषयी गैरसमज :
उसण भरल्यावर अंथरुणाला खिळून राहावे, असा समज रूढ आहे. तथापि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात, दोन दिवस अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तितके दैनंदिन व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण लवकर बरे झाल्याचे आढळले. दीर्घ विश्रांतीने स्नायू अधिक दुर्बल होतात आणि हालचालीची भीती बळावते.

सावधगिरी :
पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरील नियंत्रण सुटणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतरची वेदना यांतही वैद्यकीय तपासणी अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
उसण क्षणात भरते. परंतु तिची पूर्वतयारी बहुतेकदा दैनंदिन सवयींतून होत असते. तपासणीच्या कामात दर अर्ध्या तासाने उठणे, ओझे शरीराजवळ धरून गुडघ्यांत वाकून उचलणे व नियमित चालणे हे उपाय विनाखर्चाचे आहेत. वेदनाशामक गोळीने कळ थांबते, कारण मात्र कायम राहते.