देवाला त्याच्याच शब्दाची आठवण

नवस म्हणजे काय, हे रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. होडी सुखरूप बंदराला लागू दे, मग तुझी अमुक सेवा करीन. शब्द माणसानं दिलेला, आणि तो फेडायचाही माणसानंच. बायबलमध्येही असे नवस आहेत. पण त्याच ग्रंथात प्रार्थनेची आणखी एक तऱ्हा आहे. तिच्यात शब्द देवानं दिलेला असतो आणि माणूस त्याला म्हणतो, तू बोलला होतास, आता कर. इतकी धीट प्रार्थना माझ्या वाचनात दुसरी नाही.

या दोन्ही तऱ्हा एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या तर याकोबाची गोष्ट वाचावी. थोरल्या भावाला फसवून घरातून पळालेला हा तरुण बेथेल इथे दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात देव त्याला आपणहून सांगतो की ही भूमी तुझ्या वंशाला देईन, तुझ्या सोबत राहीन, तुला परत आणीन. आणि जागा झाल्यावर याकोब काय करतो? नवस बोलतो! खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र मिळालं, सुखरूप घरी पोचलो, तर मिळकतीचा दहावा हिस्सा तुझा.

वीस वर्षं मामाकडे राबून तो परतीच्या वाटेला लागतो, तेव्हा खबर येते की भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येतो आहे. याकोबाची गाळण उडते. आपली माणसं आणि गुरं तो दोन टोळ्यांत वाटतो, म्हणजे एकीवर घाला पडला तरी दुसरी निसटेल. मग प्रार्थना करतो, आणि तीत दहाव्या हिश्शाचं नावही नाही. पहिल्याच वाक्यात तो देवाला सांगतो की परत जा, तुझं भलं करीन, असं म्हणणारा तूच. शेवटच्या वाक्यातही तेच. मधे दोन कबुल्या: एवढ्या कृपेला मी लायक नव्हतो, आणि मला भीती वाटते आहे, बायकापोरांसकट सगळे मारले जाऊ. अलीकडे देवाचा शब्द, पलीकडे देवाचा शब्द, आणि मधे थरथरणारा माणूस.

त्यातही एक बारकावा आहे. बेथेलच्या स्वप्नात याकोबाला जमिनीवरच्या धुळीइतकी संतती मिळण्याचं वचन होतं. प्रार्थनेत तो आठवण देतो ती समुद्रकाठच्या वाळूची. ती उपमा त्याच्या आजोबाला, अब्राहामाला दिलेल्या वचनातली! संकटात सापडलेला नातू आजोबाला दिलेला शब्दही स्वतःसाठी पुढे करतो.

कोकणातल्या वाचकाला इथे गाऱ्हाणं आठवेल. गावकर किंवा गुरव ग्रामदेवतेपुढे उभा राहून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो, जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात, आणि वाडवडिलांपासूनचं नातं देवापुढे मांडलं जातं. त्या मांडणीला आधार असतो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवेचा. इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर आणणाऱ्या मोशेकडे तोही आधार नव्हता. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी लोकांनी सोन्याचं वासरू घडवून त्याची पूजा मांडली होती. देव मोशेला म्हणतो, तुझे लोक बिघडले. यांना संपवतो आणि तुझ्यापासूनच मोठं राष्ट्र करतो. मोशे आधी 'तुझे' हा शब्द परत करतो: हे लोक तुझे, मिसरातून तूच बाहेर काढलेले. मग म्हणतो, अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल (म्हणजे याकोबच) यांना आठव, ज्यांना तू स्वतःचीच शपथ वाहिलीस.

स्वतःची शपथ का, यावर यहुद्यांच्या ताल्मूद या ग्रंथातल्या गुरूंनी केलेला विचार वाचून मी थक्क झालो. मोशेचं म्हणणं ते असं उलगडतात: आकाश आणि पृथ्वीची शपथ घेतली असतीस, तर ती दोन्ही संपली की शपथही संपली, असं मी समजलो असतो, पण तू तुझ्या नावाची घेतलीस, आणि ते तर संपायचं नाही. त्याच ठिकाणी एक गुरू म्हणतो की असं लिहिलेलं नसतं तर बोलायचं धाडसच झालं नसतं: मोशेनं देवाला धरलं, जसं एखाद्याच्या अंगरख्याला धरावं, आणि क्षमा केल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला.

ही परंपरा आपल्या किनाऱ्यावरही जगली आहे. बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे रायगड जिल्हा, आणि त्याच्या किनाऱ्याकडची गावं हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांचं जुनं घर. शतकानुशतकं त्यांच्यापाशी हिब्रू प्रार्थनांपैकी 'शमा' तेवढी उरली होती असं सांगतात. बाकीच्या प्रार्थना ते पुढे पुन्हा शिकले. स्कॉटलंडहून 1829 साली आलेले मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीचे पहिले धडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैला गिरवले, आणि 1832 मध्ये बेने इस्राएलांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं. यहुदी नववर्षाला बेने इस्राएल नव्याचा सण म्हणत. त्या दिवशीच्या प्रार्थनेत एक भाग निव्वळ आठवणींचा असतो. देवानं नोहाला आठवलं, पूर्वजांशी केलेला करार आठवला, अशी दहा वचनं शास्त्रातूनच वेचून देवापुढे वाचली जातात.

पण वचन म्हणजे देवाला बांधायचा दोर नव्हे, हेही याच ग्रंथात आहे. वाळवंटात लोकांनी पुन्हा बंड केलं तेव्हा मोशेनं देवाचेच शब्द त्याच्यापुढे ठेवले, मंदक्रोध आणि क्षमाशील असल्याचे. आणि अपराध्याला मोकळं सोडत नाही हा अवघड भागही त्यानं गाळला नाही. क्षमा मिळाली, तरी त्या पिढीतल्या बहुतेकांना वचनातली भूमी दिसली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर सैतानच येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. रक्षणाचं वचन आहेच, असा स्तोत्राचा दाखलाही देतो. येशू नकार देतो: देवाची परीक्षा पाहायची नाही.

मग ज्याचा शब्द पक्का आहे त्याच्याकडे मागायचं तरी कशाला? दानीएल बाबेलमध्ये परागंदा असताना यिर्मयाच्या ग्रंथात वाचतो की यरुशलेम सत्तर वर्षं उजाड राहील. मुदत भरत आली आहे. स्वस्थ बसून वाट पाहायची, तर तो उपास धरतो, गोणपाट नेसतो, अंगावर राख घेतो आणि गयावया करतो. यहेज्केलाच्या ग्रंथात देव उजाड गावं पुन्हा वसवण्याचं वचन देतो, आणि लगेच म्हणतो की हेसुद्धा लोकांनी माझ्याकडे मागावं. यशयाच्या ग्रंथात तर यरुशलेमच्या तटावर पहारेकरी नेमले आहेत. त्यांचं काम रात्रंदिवस देवाला आठवण देण्याचं. त्यांनी स्वतः विसावा घ्यायचा नाही आणि त्यालाही घेऊ द्यायचा नाही. हे पहारेकरी नेमले आहेत खुद्द देवानं.